जुन्या ॲक्शनवरील रायफल आणि तिच्या काडतुसाची निवड

जुन्या घरांतील दप्तरें पाहण्यास जाणाऱ्या संशोधकास कागदांच्या रुमालांबरोबर दुसऱ्याहि कांहीं वस्तु पुष्कळदां दाखविण्यांत येतात. तरवार, कट्यार, ठासणीची बंदूक, आणि क्वचित् आजोबांच्या परवान्यावरील एखादी आटेदार नळीची रायफल. तरवारीविषयीं मालक तिचें वय विचारतो. रायफलीविषयीं मात्र तो बहुधा एवढेंच विचारतो कीं, हिच्यांत काडतूस कोणतें बसेल? नळी गंजली असेल, तर जुन्या ॲक्शनवर नवी नळी चढवून मनाजोगतें काडतूस घालतां येईल काय, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

वसई तालुक्यांतील वालीवसारख्या गांवीं या प्रश्नास आणखी एक अंग आहे. तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पश्चिमेकडील हें गांव पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. आज तें कारखान्यांच्या गाळ्यांनीं वेढलेलें असून लेथवर बारीक मापाचें काम करणारे कारागीर तेथें पावलोपावलीं आहेत. लोखंडी नळीस आटे पाडून ती सांगाड्यांत घट्ट बसविणें त्यांस मुळींच अवघड नाहीं. अवघड काय आहे, आणि तें लेथवर कां सुटत नाहीं, हें सांगण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

ॲक्शन म्हणजे नळी व लांकडी दस्ता वगळून उरलेला बंदुकीचा यंत्रभाग: सांगाडा, बोल्ट, चाप व त्यांचे खटके. ती जुनी असली म्हणजे तिच्यासाठीं काडतूस निवडण्यास आपण मोकळे आहों असें मालकास वाटतें. वस्तुतः सांगाड्याचें पोलाद, बोल्टचें तोंड, मॅगझिनची लांबी, आणि ती घडली त्या काळचा कायदा यांनीं ती निवड बहुधा आधींच करून ठेवलेली असते. ती वाचून काढणें एवढेंच आपल्या हातीं राहतें, आणि हें काम मोडी कागद लावण्याच्या कामाहून फारसें निराळें नाहीं.

तोड्याच्या व ठासणीच्या बंदुकीस हा प्रश्नच नव्हता. १७३७ ते १७३९ च्या ज्या मोहिमेंत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, त्या काळीं दारू व गोळी हीं निरनिराळीं असत. नळीच्या मापाचा सांचा असला कीं शिसें वितळवून गोळी ओतावी. नळी झिजून रुंदावली तर गोळीभोवतीं चिंधी गुंडाळावी. बारा बोअर हें आजहि रूढ असलेलें नांव त्याच व्यवहाराचा अवशेष आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असतां त्यांतील एक ज्या नळींत नेमकी बसते, ती नळी बारा बोअरची.

धातूचें काडतूस आलें आणि ही मोकळीक संपली. दारू, गोळी व टोपी हीं तिन्ही एका पितळी कोशांत बंद झालीं, आणि तो कोश ज्या घरांत बसावयाचा त्याचें माप इंचाच्या सहस्रांशापर्यंत ठरून गेलें. याच संक्रमणाच्या वेळीं जुन्या बंदुकीस नवें काडतूस देण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. १८५७ च्या उठावांत चरबी लावलेल्या कागदी काडतुसांमुळें गाजलेली एन्फील्ड बंदूक १८५३ च्या नमुन्याची होती. तिच्या नळीचा मागील भाग कापून तेथें बाजूस उघडणारें झांकण बसविण्याची जेकब स्नायडर यांची युक्ति इंग्रज सरकारनें १८६६ सालीं स्वीकारली, आणि ठासणीची बंदूक .५७७ इंची काडतुसाची झाली. पुढें १८७१ सालीं मार्टिनी-हेन्री आली. तिचें काडतूस म्हणजे स्नायडरच्याच कोशाचें तोंड आवळून .४५० वर आणलेलें. मार्टिनीच्या ॲक्शनवर नंतर .३०३ ची नळीहि चढली. सारांश, जुना सांगाडा टाकून न देतां त्यावर नव्या काडतुसाची नळी बसविणें ही हौशी शिकाऱ्यांची कल्पना नव्हे. काटकसरी सरकारी कोठारांनींच ती रूढ केली.

हिंदुस्थानांत मात्र काटकसरीपेक्षां निराळेंच एक कारण प्रबळ ठरलें, तें म्हणजे अविश्वास. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्याची पद्धति घट्ट केली, तरी परवान्याची रायफल लष्करी काडतुसावर चालत असेल तर लष्करी कोठारांतून चोरलेला दारूगोळा तिच्यांत चालणार, ही भीति सरकारास होती. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी झाली, कारण मार्टिनी-हेन्रीचा बोअर तोच. विलायतेंतील बंदूककारांनीं यावर जो उपाय केला तो मोठा मासलेवाईक आहे. वाघ व हत्ती यांच्या शिकारीचीं त्यांचीं काडतुसें .४५० चीं होतीं. त्यांनीं तीं किंचित् वाढवून.४६५, .४७०, .४७५, .४७६ अशीं केलीं. संस्थानिकांच्या शस्त्रागारांतील दुनळी रायफलींवर हे विचित्र आंकडे दिसतात, त्यांचा उगम प्राण्यांच्या आकारांत शोधूं नये. तो सरकारी हुकुमांत आहे.

तोच न्याय .३०३ स लागला. येथें जेम्स पॅरिस ली यांच्या ॲक्शनकडे वळलें पाहिजे, कारण जुनी रायफल म्हणून जी आपल्याकडे पुढें येते ती बहुधा याच वंशाची असते. लीची ॲक्शन व मेटफर्डचे आटे मिळून १८८८ ची ली-मेटफर्ड झाली. तेव्हां काडतुसांत काळी दारू होती. थोड्याच वर्षांत तिच्या जागीं कॉर्डाइट आलें, आणि त्याच्या उष्णतेनें मेटफर्डचे उथळ आटे झपाट्यानें झिजूं लागले. म्हणून १८९५ सालीं खोल आट्यांची एन्फील्ड नळी त्याच ॲक्शनवर बसली आणि ली-एन्फील्ड हें नांव पडलें. ॲक्शन तीच, बोअरहि तोच; केवळ दारू पालटल्यानें नळी पालटावी लागली. १९०७ ची आंखूड नळीची तिसरी आवृत्ति बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत बनूं लागली, आणि तिचीं काडतुसें १८६९ सालीं स्थापन झालेल्या आपल्या खडकीच्या कारखान्यांतून निघूं लागलीं. काडतुसाच्या बुडावर इंग्रजी के. एफ. हीं अक्षरें दिसलीं कीं तें खडकीचें समजावें.

ही ॲक्शन शिकाऱ्यांस हवी होती, पण तिचें काडतूस त्यांस मना होतें. मग बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें तिच्यावर .३१५ ची नळी बसवून हिंदुस्थानाकरितां शिकारी रायफल काढली. पुढें ईशापूरनेंहि तशी रायफल केली, आणि स्वतंत्र भारतांत परवानेदारांची ती परिचित रायफल झाली. .३१५ म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. हें काडतूस इंग्रजांचें नव्हेच. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करानें १८९० च्या सुमारास मान्लिखर रायफलीसाठीं घेतलेलें तें ८ × ५० आर होय. इतक्या दूरचें काडतूस कां आणलें हें त्याचीं मापें पाहिलीं म्हणजे उमगतें. त्याच्या बुडास .३०३ प्रमाणेंच बाहेर आलेली कड आहे, आणि ती आकारानें जवळपास तेवढीच असल्यामुळें लीच्या बोल्टचें तोंड व काडतूस ओढून काढणारी आंकडी यांत थोडाच फरक करावा लागतो. एकंदर लांबी अशी कीं मॅगझिनमध्यें तें मावतें. परंतु कोश बुडाशीं .३०३ पेक्षां जाड आणि लांबीला कमी, ५६ मिलिमीटरांच्या जागीं ५०. त्यामुळें .३०३ चें काडतूस .३१५ च्या घरांत शेवटपर्यंत जात नाहीं, आणि .३१५ चें .३०३ च्या घरांत शिरतच नाहीं. यंत्रास सोयीचें आणि लष्करास निरुपयोगी, असें काडतूस याहून चांगलें सांपडणें कठीण होतें. गोळी २४४ ग्रेनांची, जड व बेताच्या वेगाची. दाट रानांत जवळून रानडुकरावर चालविण्यास ती पुरेशी होती. पण शिकारीचा गुण पाहून ती निवडली असें मानणें चुकीचें होईल.

याच विचाराचा अधिक कठोर नमुना .४१० ची पोलिसी बंदूक होय. ईशापुरास ली-एन्फील्ड रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागीं लांकडी ठोकळा बसवून, एका वेळीं एकच बार काढणाऱ्या बंदुका पोलिस व पहारेकरी यांच्याकरितां करण्यांत आल्या. त्यांचें काडतूस म्हणजे .३०३ चाच कोश, पण मान न आवळलेला, सरळ. असा सरळ कोश .३०३ च्या घरांत जाऊं शकत नाहीं. म्हणजे पहारेकऱ्याकडील दारूगोळा लष्करी रायफलीस उपयोगी पडावयाचा नाहीं. बाजारांत छऱ्याच्या बंदुकीसाठीं मिळणारें .४१० चें काडतूस निराळें. नांव एक म्हणून तें या बंदुकीचें समजूं नये.

आतां यंत्राकडे. जुन्या ॲक्शनवर काडतूस ठरवितांना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, कोशाचें बूड बोल्टच्या तोंडाशीं जुळतें काय. दुसरी, काडतुसाची लांबी मॅगझिनशीं जुळते काय. या दोन्ही फुटपट्टीनें व कानसीनें सुटतात. तिसरी गोष्ट दाब, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. बार उडतो तेव्हां कोश मागें रेटला जातो, व तो रेटा बोल्टच्या खुंट्या सांगाड्यावर टाकतात. माउझरच्या ॲक्शनमध्यें या खुंट्या बोल्टच्या पुढच्या टोंकास, काडतुसाच्या अगदीं मागें असतात. लीच्या ॲक्शनमध्यें त्या मागें आहेत; म्हणून प्रत्येक बारास बोल्ट किंचित् दबतो आणि सांगाडा किंचित् ताणला जातो. बोल्ट जलद फिरतो हा याचा लाभ, आणि कोश लांबून बुडापाशीं तडकतो हा याचा तोटा. बोल्टचें तोंड व काडतुसाचें बूड यांमधील जागा झिजेनें वाढली कीं हा तोटा धोक्याच्या थरास जातो. म्हणून बोल्टवरील व सांगाड्यावरील क्रमांक एकच आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें. निराळे असल्यास ती जोड मागाहूनची आहे, एका पोथींत दुसऱ्या पोथीचीं पानें शिरावीं तशी, आणि तें अंतर मापल्यावांचून तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं.

बाह्यरूपावरून बळ ओळखूं जाणें किती फसवें आहे, याचें उत्तम उदाहरण ईशापूरचेंच आहे. १९६२ च्या चीन-युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरचें नवें काडतूस चालविणारी रायफल त्वरेनें हवी होती. ईशापूरनें लीच्याच आकृतीवर २ ए, व १९६५ च्या सुमारास २ ए १, या रायफली काढल्या. दुरून पाहणाऱ्यास ही १९०७ चीच रायफल वाटते. चौकोनी मॅगझिन तेवढें निराळें. पण या काडतुसाचा दाब .३०३ हून बराच अधिक, आणि बुडास बाहेर आलेली कड नाहीं. म्हणून बोल्टचें तोंड व आंकडी बदललीं, आणि मुख्य म्हणजे सांगाड्याचें पोलादच निराळें, अधिक बळकट घेतलें. जुन्या सांगाड्यावर ७.६२ ची नळी चढवून ही रायफल झाली, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो खरा नाहीं, आणि त्यावर विसंबून १९१५ च्या सांगाड्यास ती नळी लावणें म्हणजे चालविणाऱ्याच्या डोळ्याशीं खेळ आहे. लेथ या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं तें येथें.

लेथचा दुसराहि एक भ्रम आहे. .३०३ ची झिजलेली नळी आंतून रुंद करून .३१५ ची करूं, असें सुचविण्यांत येतें. आटे नवे पाडतां येतील, पण.३०३ चें जुनें घर लांबीला अधिक आहे, आणि जेथें .३१५ च्या कोशाची मान यावयाची तेथें तें मानेहून रुंद आहे. खरवडून पुन्हा लिहिलेल्या ताम्रपटाखालीं पहिलीं अक्षरें राहावीं तसें तें घर खालीं उरतेंच. म्हणून नळी नवीच लागते.

नांवांविषयीं येथें एक इशारा अवश्य आहे. काडतुसांचीं नांवें गांवांच्या नांवांइतकींच फसवीं असतात. ८ × ५० आर या नांवाचें फ्रेंच लेबेल रायफलीचें एक काडतूस आहे. मान्लिखरच्या काडतुसाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. खुद्द मान्लिखरच्या १८९५ च्या रायफली १९३० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रिया व हंगेरी यांनीं ८ × ५६ आर या अधिक जोरदार काडतुसासाठीं बदलून घेतल्या, आणि नळीच्या मुळाशीं ऑस्ट्रियानें एस् व हंगेरीनें एच् हें मोठें अक्षर उमटविलें. त्या एका अक्षरावांचून दोन्ही रायफली सारख्याच दिसतात. .३१५ हा आंकडाहि आटे पाडण्यापूर्वींच्या नळीचा आहे. गोळीचा व्यास सुमारें.३२३. उलटपक्षीं, जॉन रिग्बी यांनीं .२७५ म्हणून विकलेलें काडतूस म्हणजे माउझरचें ७ × ५७ च होय, केवळ इंग्रजी कपड्यांतलें. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्यानंतर संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट-गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं जिम कॉर्बेट यांस दिलेली रायफल माउझर ॲक्शनवरील व याच काडतुसाची होती.

आतां शिक्के. ईशापूरच्या ली-एन्फील्डवर दस्त्याच्या मनगटापाशीं असलेल्या लोखंडी पट्टीवर मुकुट, राजाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, साल व आवृत्ति हीं ओळीनें असतात. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. बर्मिंगहॅमच्या, १८१३ सालीं स्थापन झालेल्या पारखगृहाचा शिक्का असेल तर त्यांत एन्. पी. हीं अक्षरें आहेत काय तें पाहावें. तीं बिनधुराच्या दारूनें पारख झाल्याची खूण. तीं नसतील तर ती बंदूक काळ्या दारूचीच धरून चालावें. डी. पी. हीं अक्षरें म्हणजे ती रायफल केवळ कवायतीची ठरविलेली, बार काढण्यास अयोग्य. पुढील लांकडावर तारेचे वेढे असल्यास ती बाँबगोळे फेंकण्याकरितां राखलेली होती आणि तिनें असाधारण ताण सोसलेला आहे. या तारेस डागडुजी समजून काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या रायफलीचा इतिहास त्या तारेंतच आहे.

कायद्याचा भाग शेवटीं घेतला, कारण संग्राहकास तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमानें जुन्या घाटाच्या अगर पुरावस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट दिली आहे. मात्र तें दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीवांचून बंदूक म्हणून चालविण्याजोगें नसलें पाहिजे. याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. जिला काडतूस सांपडतें ती रायफल, कितीहि जुनी असली तरी, या सुटीच्या बाहेर पडते. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें सामान्य वस्तूस शंभर वर्षें व हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें ही मर्यादा घातली आहे. १९१५ च्या रायफलीनें ती केव्हांच ओलांडली. तरी शस्त्राच्या कायद्यापुढें त्या वयाचा उपयोग नाहीं. .३०३ व ७.६२ हे आजहि निषिद्ध बोअर आहेत, आणि ७ व्या कलमान्वयें केंद्र सरकारच्या खास परवानगीवांचून ते बाळगतां येत नाहींत. नळी बदलणें, दुरुस्ती करणें, पारख करणें या सर्वांस ५ व्या कलमाखालीं स्वतंत्र परवाना लागतो. वालीवचा कारागीर कितीहि कुशल असला तरी त्यानें हें काम हातीं घेऊं नये. शिवाय शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें बंद झाली, आणि तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. पिकांच्या राखणीचा परवाना कायद्यांत आहे, पण तो गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आहे, रायफलीचा नव्हे.

तेव्हां आमचें मत असें. ली-एन्फील्डच्या घराण्यांतील रायफल आधींपासूनच .३१५ ची व परवान्यावरची असेल, तर तिला तेंच काडतूस चालूं द्यावें. तें आजहि आपल्या देशांत तयार होतें. मार्टिनी, स्नायडर किंवा डी. पी. छापाची रायफल असेल तर तिला काडतूस शोधूंच नये. आणि जिच्यावर मूळची .३०३ ची नळी व जुळते क्रमांक शाबूत आहेत, तिची नळी कायदेशीर रीतीनें बदलतां येत असली तरी ती बदलण्यानें एक साक्षीदार नाहींसा होतो.

असे साक्षीदार सध्यां झपाट्यानें नाहींसे होत आहेत. परवानेदार वारला कीं २१ व्या कलमाप्रमाणें वारसानें हत्यार पोलिस ठाण्यांत अगर परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावरील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि तिसरी देऊन टाकण्याची वेळ आली तेव्हां बहुतेक घरांनीं जुनीच दिली असली पाहिजे. जमा करण्यास हरकत नाहीं. पण तत्पूर्वीं, मालक परवानेदार असतांना व त्याच्या समक्ष, पुढील नोंद करून ठेवावी: मनगटाच्या पट्टीवरील सर्व अक्षरें, सांगाडा व बोल्ट यांचे क्रमांक, नळीच्या मुळाशीं असलेले पारखीचे शिक्के, विक्रेत्याचें नांव, आणि मूळ परवान्यावर लिहिलेला बोअर. शिक्क्यांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें घासल्यास शिलालेखाप्रमाणेंच ठसा उठतो. परवान्याचीं जुनीं पुस्तकें रद्दींत जाऊं देऊं नयेत. त्यांवर दर वर्षीं खरेदी केलेल्या काडतुसांची संख्या व प्रकार लिहिलेले असतात, आणि कोणत्या सालीं कोणतें काडतूस मिळेनासें झालें हें त्यांवरूनच लागतें.